‘डॉक्टरची गाडी’ आणि दोन लाखांचा प्रश्न

‘सिंगल ओनर, डॉक्टरची गाडी, रनिंग फक्त ३८ हजार, एक रुपयाचं काम नाही. घ्या आणि चालवा. टाइमपास करणाऱ्यांनी फोन करू नये.’

सेकंडहँड गाड्यांच्या जाहिराती चाळायला बसलं की अर्ध्या तासात ही वाक्यं तोंडपाठ होतात. डॉक्टरांच्या खालोखाल गाड्या विकतात ते बँकेतले मॅनेजर आणि त्यानंतर नंबर लागतो ‘लेडीज ड्रिव्हन’चा. सगळ्याच गाड्या टकाटक. सगळे मालक एकतर परदेशी चाललेले, नाहीतर मोठी गाडी घेतलेले. खराब गाडी कुणी विकायला काढतच नाही! मग गॅरेजच्या दारात बॉनेट उघडून उभ्या असतात त्या गाड्या कुणाच्या, असा प्रश्न पडतो.

आपल्या वयात गाडीचा विषय निघतो तो रील्समधल्यासारखा निघत नाही. घरात आजवर फक्त टू-व्हीलर. आजीला पायऱ्या चढता येत नाहीत, रात्रीची रिक्षा मिळत नाही, गावाकडची एसटी चुकली की दिवस गेला. मग घरात ठरतं, छोटीशी जुनी गाडी बघू. आणि ती शोधायचं काम येतं आपल्याकडे, कारण ‘तुम्हालाच ते ॲपमधलं कळतं’. बजेट दीड-दोन लाख. या पैशात कुणाची तरी मोडलेली एफडी असते, कुणाच्या तरी पहिल्या सहा महिन्यांच्या पगारातून वाचवलेलं असतं. नवीन फोन बिघडला तर वॉरंटी असते. इथे ना वॉरंटी, ना परत करायची सोय.

माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या घरी हे सगळं यंदा झालं. घर सासवडला. वडिलांना आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला हडपसरला न्यावं लागतं. जाताना बसने निभतं, पण येताना अंगात त्राण नसतं. स्कूटरवर मागे बसवून दिवे घाट चढवायची तर भीतीच वाटते. गाडी चालवायला शिकलेली घरात ती एकटी. जमवलेले पैसे दोन लाख, त्यातला एक रुपयाही वर-खाली होणार नव्हता. गाडी बघायला तिच्यासोबत मीही बऱ्याच ठिकाणी फिरले, मेकॅनिक लोकांच्या मागे लागून प्रश्न विचारले, आरटीओचे फॉर्म वाचले. त्यातून जे हाती लागलं ते एका वाक्यात सांगायचं तर एवढंच, की कमी बजेटमध्ये मॉडेल निवडण्यापेक्षा त्या एका गाडीचा इतिहास निवडायचा असतो. तो कसा वाचायचा, ते पुढे सांगते.

दोन लाखांत दोन लाखांची गाडी येत नाही

पहिला हिशोब इथेच चुकतो. बजेट दोन लाख असेल तर आपण जाहिरातीत किमतीचा फिल्टर दोन लाखांवर लावतो. पण जुनी गाडी घरी आल्यानंतर पहिल्या दोन महिन्यांत पैसे मागतेच. टायर झिजलेले असतात. छोट्या गाडीचे चार टायर म्हणजे साधारण दहा-बारा हजार. बॅटरी शेवटच्या घटका मोजत असते, तिचे चार हजार धरा. ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक पॅड हे तर मागच्या मालकाने काहीही सांगितलं तरी बदलूनच घ्यायचं. शिवाय इन्शुरन्स, नाव ट्रान्सफर, पीयूसी.

इन्शुरन्समधला थर्ड पार्टीचा भाग कायद्याने सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं. जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला वर्षाला २,०९४ रुपये आणि १००० ते १५०० सीसीच्या गाडीला ३,४१६ रुपये, वर जीएसटी. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर हवं असेल तर त्याचा हप्ता वेगळा. आणि ‘नो क्लेम बोनस आहे, तो तुम्हाला मिळेल’ असं विकणारा म्हणाला तर हसून सोडून द्या. तो बोनस मालकाचा असतो, गाडीसोबत तो येत नाही.

म्हणून एकूण रकमेतला पाचवा भाग आधीच बाजूला काढून ठेवा. दोन लाख असतील तर गाडी एक लाख साठ हजारांच्या आसपासची बघा. मैत्रिणीने चाळीस हजार वेगळ्या खात्यात टाकले आणि आईला सांगून ठेवलं, मी कितीही हट्ट केला तरी हे द्यायचे नाहीत.

मग घ्यायची कुठली?

याचं उत्तर कंटाळवाणं आहे. जी गाडी रस्त्यावर सगळ्यात जास्त दिसते ती. तालुक्याच्या गावातल्या गॅरेजमध्येही जिचा पार्ट दुपारपर्यंत मिळतो, ती आपल्या बजेटची गाडी. मारुतीची अल्टो २००० साली आली, वॅगन आर त्याच्या जरा आधी, १९९९ च्या शेवटी. ह्युंदाईची आय-१० आली २००७ मध्ये. ही नावं उगाच सगळ्यांच्या तोंडी नाहीत. कुठलाही मेकॅनिक या गाड्या डोळे मिटून उघडतो.

याउलट काही गाड्या त्याच वर्षाच्या, जास्त फीचर्सवाल्या आणि तरी स्वस्त दिसतात. तिथे थांबून विचारा, स्वस्त का? शेव्हर्ले २०१७ च्या अखेरीस भारतातल्या विक्रीतून बाहेर पडली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. डॅटसन २०२२ मध्ये गेली. टाटा नॅनोचं उत्पादन २०१८ मध्ये थांबलं. या गाड्या वाईट होत्या असं कुणी म्हणत नाही. पण ज्याला आठवड्यातून तीनदा हॉस्पिटल गाठायचंय, त्याला एका पार्टसाठी पंधरा दिवस थांबणं परवडत नाही. घरात दुसरी गाडी असेल आणि मेकॅनिक ओळखीचा असेल तर गोष्ट वेगळी.

डिझेलच्या मोहातही पडू नका. ‘ॲव्हरेज बघा, वीसच्या वर’ हे खरं असेलही. पण डिझेल इंजिनातल्या टर्बोचं, इंजेक्टरचं काम निघालं की वर्षभराचं वाचलेलं इंधन एका बिलात जातं. रोजचं रनिंग जास्त नसेल तर छोटं पेट्रोल इंजिन बरं.

इंजिनबद्दल एक प्रश्न मात्र नक्की विचारा, टायमिंग बेल्ट आहे की चेन? जुन्या अल्टो आणि अल्टो ८०० मधल्या ७९६ सीसी इंजिनाला बेल्ट असतो. के-१० च्या ९९८ सीसी इंजिनाला चेन. आय-१० मध्येही १.१ लिटरच्या इंजिनाला बेल्ट आणि १.२ लिटरच्या कप्पाला चेन. बेल्ट रबराचा असतो, त्याचं ठरलेलं आयुष्य असतं. तो कधी बदलला याचं बिल नसेल तर बदललाच नाही असं धरायचं आणि तो खर्च किमतीतून वजा करून मागायचा.

सीएनजी लावलेली गाडी असेल तर तिची आरसीवर नोंद आहे का ते बघा. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते, तिचं सर्टिफिकेट मागा. नोंद नसलेलं किट म्हणजे उद्या इन्शुरन्सच्या क्लेमला अडचण, आणि डिकीत बसवलेली टाकी कुणी बसवलीय हेच माहीत नसणं त्याहून वाईट.

एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे

जाहिरातीत आपण रंग बघतो, अलॉय बघतो, टचस्क्रीन बघतो. त्याऐवजी गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष बघायला शिका. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कार्सना एबीएस ब्रेक सक्तीचे झाले. जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टचा रिमाइंडर, स्पीडचा अलर्ट आणि मागचे पार्किंग सेन्सर. शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना आली ती २०२१ च्या अखेरीस. म्हणजे २०१८ ची आणि २०२० ची तीच बेसिक अल्टो दिसायला सारखी, पण अपघाताच्या क्षणी त्या दोन वेगळ्या गाड्या आहेत.

त्याआधीचं चित्र काय होतं? जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच छोट्या गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या बेसिक मॉडेल्सच्या क्रॅश टेस्ट जाहीर केल्या. अल्टो ८००, नॅनो, आय-१०, फिगो आणि पोलो. मोठ्यांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य स्टार. आपल्या दोन लाखांच्या फिल्टरमध्ये येतात त्या बहुतेक याच काळातल्या.

हे वाचून गाडीच घेऊ नये असं नाही. त्याच मॉडेलचं वरचं व्हेरिएंट मिळतंय का ते शोधा. त्यात एअरबॅग असण्याची शक्यता असते आणि जुन्या बाजारात बेसिक आणि टॉपमधला फरक बराच कमी झालेला असतो. नसेलच मिळत, तर त्या गाडीचा वापर त्या हिशोबाने ठरवा. गाव ते शहर, दिवसा, बेताच्या वेगात, मागे बसलेल्यांनीही बेल्ट लावून. पाच मित्र भरून रात्री एक्स्प्रेस वेने गोव्याला जायला ती गाडी नाही. तसं फिरायचंच असेल तर आणखी सहा महिने पैसे साठवा आणि २०१९ नंतरची बघा.

मीटर बोलतो, पेडलही बोलतं

मैत्रिणीने पाहिलेली पहिली गाडी वर लिहिलेल्या जाहिरातीसारखीच होती. २०१२ ची, चंदेरी, रनिंग ३८ हजार. डीलरने पॉलिश मारून अशी चकाचक केली होती की आम्ही दोघी लांबूनच खूश. सोबत तिच्या ओळखीचे गॅरेजवाले मामा होते. ते गाडीभोवती फिरलेच नाहीत. दार उघडून खाली वाकले आणि क्लचच्या पेडलवरचं रबर बघितलं. ते पार गुळगुळीत झालं होतं. स्टेअरिंगचा वरचा भाग चमकत होता, गिअरच्या नॉबवरचे आकडे पुसट झाले होते, ड्रायव्हरच्या सीटचा फोम एका बाजूला बसला होता. ३८ हजारांत हे होत नाही.

मीटर मागे घेणं हा या धंद्यातला जुना उद्योग आहे. डिजिटल मीटर आले म्हणून तो थांबला नाही. पडताळायचा सोपा मार्ग म्हणजे सर्व्हिस हिस्ट्री. गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जात असेल तर प्रत्येक भेटीला किती किलोमीटर झाले होते याची तिथे नोंद असते. मालकाला सोबत घेऊन किंवा त्याला फोन करायला लावून ती मागवा. खरा मालक सहसा नाही म्हणत नाही. आमच्या डीलरने आधी ‘बाहेरच सर्व्हिसिंग होतं’ म्हटलं, मग ‘मालक फोन उचलत नाहीत’ म्हटलं, मग ‘मॅडम, तुम्हाला गाडी घ्यायचीय की पीएचडी करायचीय’ असं विचारलं. आम्ही निघालो.

टायरवरही एक तारीख असते. टायरच्या बाजूला डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालातला ३२ वा आठवडा. गाडी २० हजार किलोमीटर चालली म्हणतात आणि टायर दुसऱ्यांदा बदललेत, असं कसं? अशा छोट्या छोट्या तारखा जुळवत गेलं की गाडीची गोष्ट आपोआप समोर येते. काचांवरही कंपनीची खूण आणि वर्षाचा कोड असतो. पाच काचा सारख्या आणि एकच वेगळी असेल तर तिचं काय झालं ते विचारा.

एसी लावला आणि अत्तराचा वास आला

दुसरी गाडी स्वप्नासारखी. २०१७ ची, एमएच-०९ पासिंग, किंमत बाजारभावापेक्षा तीसेक हजारांनी कमी. आत इतकं अत्तर मारलं होतं की डोकं दुखावं. मामांनी ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर तपकिरी रेघ होती. मॅटच्या खालचं कार्पेट उचललं तर कोपऱ्यात वाळलेला बारीक गाळ. स्टेपनी काढून खालच्या खड्ड्यात बोट फिरवलं, तिथेही तेच. सीटच्या रेल्सवर गंज.

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत पाणी किती दिवस होतं ते आपण टीव्हीवर पाहिलंय. त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला आणि सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर चढल्या. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं. पाण्यात गेलेल्या गाड्या सगळ्याच भंगारात जात नाहीत. धुऊन, वाळवून, पुसून काही परत बाजारात येतात. इंजिन सुरूही होतं. पण वायरिंगच्या जोडांत शिरलेला ओलावा वर्ष-दोन वर्षांनी डोकं वर काढतो. आधी पॉवर विंडो, मग सेन्सर, मग भर रस्त्यात गाडी बंद. एमएच-०९ ची प्रत्येक गाडी पुरातली असते असं अजिबात नाही, आणि पुरातली गाडी पुण्याच्या पासिंगचीही असू शकते. नंबरप्लेटवरून निष्कर्ष काढू नका, पट्टा ओढून बघा.

तीच गोष्ट लांबून आलेल्या स्वस्त गाड्यांची. दिल्ली आणि आसपासच्या भागात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचा आदेश सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये कायम केला. वय होत आलेल्या तिथल्या गाड्या मग इतर राज्यांत स्वस्तात विकल्या जातात. किंमत बघून हुरळून जाऊ नका. दुसऱ्या राज्यातली गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, तिथल्या आरटीओची एनओसी लागते, इथला रोड टॅक्स भरावा लागतो. हे सगळं धरलं की स्वस्त गाडी इथल्या गाडीएवढीच पडते, वर खेटे वेगळे.

सकाळी जा, न सांगता हात लावा

गाडी बघायला सकाळी आणि उजेडात जा. पावसात किंवा नुकत्याच धुतलेल्या गाडीचा पत्रा नीट दिसत नाही. पोहोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर तुम्ही यायच्या आधी गाडी सुरू करून ठेवली होती. थंड इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतंय का, सुरुवातीला कसला आवाज येतो, हेच तर बघायचं असतं. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत शिरतंय. ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ, चिकट थर दिसला तर तिथूनच नमस्कार करा.

दारांच्या कडेचं रबर थोडं ओढून आतला पत्रा बघा. कंपनीचे स्पॉट वेल्ड एकसारख्या अंतरावर गोल दिसतात. तिथे पुट्टी किंवा हाताचं वेल्डिंग असेल तर मोठं काम झालंय. बॉनेटच्या आणि पुढच्या फेंडरच्या बोल्टवर पान्याच्या खुणा आहेत का, तेही बघा. बंपरवरचा ओरखडा आणि दारावरची खोक यांना घाबरू नका. शहरात दहा वर्षं चाललेल्या गाडीला त्या असणारच. उलट दहा वर्षांची गाडी चारही बाजूंनी नवीकोरी दिसत असेल तर रंग कशासाठी दिला, ते विचारा.

मग ट्रायल. कॉलनीतला एक राउंड पुरत नाही. मैत्रिणीने तिसरी गाडी थेट दिवे घाटात नेली, कारण तिला रोज तिथेच जायचं होतं. चढावर क्लच घसरतो का, म्हणजे इंजिन नुसतंच ओरडतं आणि वेग वाढत नाही असं होतं का? टेम्परेचरचा काटा वर जातो का? उतारावर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का? सरळ रस्त्यावर स्टेअरिंग क्षणभर सैल सोडलं तर कुठे पळते? खड्ड्यातून जाताना शॉकअप खडखड करतात का? आणि एसी लावून हे सगळं पुन्हा. ट्रायलला जाताना रेडिओ बंद ठेवा. काही विकणारे नेमकं तेव्हाच गाणी लावतात आणि गप्पा सुरू करतात.

ही तिसरी गाडी २०१४ ची वॅगन आर होती. मालक हडपसरचे एक निवृत्त शिक्षक. रनिंग ७१ हजार, म्हणजे जाहिरातीत न भावणारं. मागचा बंपर एका कोपऱ्यात फाटलेला, डाव्या दारावर लांब ओरखडा, रेडिओ बंद. पण प्लास्टिकच्या फाइलमध्ये प्रत्येक सर्व्हिसिंगचं बिल तारखेप्रमाणे लावलेलं. एका बिलावर क्लच प्लेट, एकावर बॅटरी. काकांनी स्वतःहून सांगितलं, पुढचे दोन टायर संपलेत आणि पावसात डावा वायपर नीट पुसत नाही. गॅरेजवाल्या मामांनी हजार रुपये घेऊन तासभर गाडी तपासली. हे हजार रुपये या अख्ख्या व्यवहारातला सगळ्यात स्वस्त खर्च. मेकॅनिक मात्र आपला हवा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको.

एअरबॅग नव्हती. घरी त्यावर दोन रात्री चर्चा झाली. शेवटी ठरलं, सासवड-हडपसर एवढंच, दिवसा, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत बदलायची. काकांनी पावणेदोन सांगितले होते, व्यवहार एक लाख अठ्ठावन्न हजारांवर झाला.

चावी मिळाली म्हणजे गाडी झाली नाही

इथून पुढचं सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं आणि खरी फसगत इथेच होते. टोकन द्यायच्या आधी सरकारच्या एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. मालकाचं नाव पूर्ण दिसत नाही, काही अक्षरं झाकलेली असतात, पण जुळवता येतं. नोंदणीची तारीख, इन्शुरन्स आणि पीयूसी कधीपर्यंत आहे, गाडीवर कर्ज आहे का, हे कळतं. ई-चलन किती थकलंय तेही बघा. ते व्यवहाराआधी विकणाऱ्यानेच भरायचं. गाडीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा.

आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. ‘कर्ज कधीच फिटलंय’ या बोलण्याला कागद नसेल तर किंमत नाही. एप्रिल २०१९ च्या आधीची नोंदणी असेल तर एचएसआरपी, म्हणजे नवी सुरक्षित नंबरप्लेट बसवलीय का ते बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते, त्याची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपयांवर गेली आणि महाराष्ट्रात वर पर्यावरण करही आहे. १४ वर्षांची गाडी ‘लाखात’ मिळत असेल तर हे त्या लाखात धरा.

नाव ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर एनओसीसाठी फॉर्म २८. कायद्यानुसार विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. पण होतं काय, की काही डीलर मालकाकडून कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवतात. गाडी दोन-तीन हात फिरते, नाव पहिल्याचंच राहतं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की अपघाताच्या भरपाईत आरसीवर ज्याचं नाव तोच मालक धरला जाईल, गाडी त्याने कधीच विकलेली असली तरी. म्हणून सुज्ञ विकणाराही ट्रान्सफरसाठी मागे लागतो. तो मागे लागत नसेल तर तुम्ही लागा.

इन्शुरन्सचंही असंच. थर्ड पार्टीचं कव्हर गाडीसोबत येतं, पण पॉलिसी आपल्या नावावर करायला १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो. तो केला नाही आणि आपल्या गाडीचं नुकसान झालं, तर नुकसान आपलं आणि करार मागच्या मालकाशी, असा पेच होतो. क्लेम तिथेच अडकतो.

पैसे बँकेतूनच द्या. गाडी ताब्यात घेतल्याचा कागद करा आणि त्यावर तारखेसोबत वेळही लिहा. त्या वेळेआधीची चलनं त्यांची, नंतरची आपली. आणि ऑनलाइन ‘मी आर्मीत आहे, बदली झालीय, गाडी कुरिअरने पाठवतो, आधी डिलिव्हरी चार्ज भरा’ असं कुणी म्हटलं तर फोन ठेवा. ही फसवणूक इतकी जुनी आहे की तिला आता गंज चढलाय, तरी दरवर्षी कुणीतरी सापडतंच.

वॅगन आरला घरी आल्यावर चार टायर लागले, ऑइल-फिल्टर झालं, वायपर बदलला. बाजूला काढलेल्या चाळीस हजारांतून इन्शुरन्स आणि ट्रान्सफर धरूनही थोडे उरले. वडिलांना मागच्या सीटवर नीट टेकून बसता यावं म्हणून त्यातून एक उशी आणि सीट कव्हर आलं. नवी आरसी पोस्टाने घरी आली तेव्हा त्यावर मैत्रिणीच्या आईचं नाव होतं. घरात कुठल्याही वाहनाच्या कागदावर आईचं नाव येण्याची ती पहिलीच वेळ.

गाडी बघायला जाताना

• एकटे जाऊ नका. एक आपला मेकॅनिक आणि ज्याचं गाडीवर मन बसलेलं नाही असा एक मित्र सोबत घ्या.

• टॉर्च, जुनं फडकं आणि आरसीचा फोटो जवळ ठेवा. फडकं बोटाला गुंडाळून सायलेन्सरच्या तोंडात फिरवा. तेलकट काळं लागलं तर मेकॅनिकला दाखवा.

• पहिल्याच दिवशी टोकन देऊ नका. ‘संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय’ हे वाक्य प्रत्येक विकणारा म्हणतो. येऊ द्या पार्टीला.

• किमान तीन गाड्या बघा. पहिली बघताना आपण शिकत असतो.

• किमतीवर घासाघीस करताना ‘थोडं कमी करा ना काका’ म्हणू नका. टायर, बॅटरी, बेल्ट यांचा खर्च कागदावर लिहून दाखवा.

• चालवणाऱ्याचं लायसन्स आणि गाडीचा इन्शुरन्स चालू असल्याशिवाय ट्रायल घेऊ नका.

• विकणारा कुठल्या प्रश्नावर चिडला ते लक्षात ठेवा. गाडीत काय लपवलंय ते बहुतेक वेळा तिथेच असतं.